पडद्याची बायकांकडची बाजू

माझी आत्या डावरी आहे. पुस्तकात डावखुरी म्हणतात, पण आमच्या घरात तो शब्द कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. डावरीच म्हणायचे, आणि म्हणताना ताकात माशी दिसल्यासारखं तोंड करायचे. आपल्या भाषेचंच या हाताशी वाकडं आहे. कुणाला बाजूला सारलं की आपण त्याला डावलतो, मुलीचं लग्न करून दिलं की तिला उजवतो, आणि दोघांत जो सरस तो उजवा. मी सगळी नोकरी सरकारी कचेरीत मराठी टिपण्या लिहिण्यात घालवली. 'डावलले' असं लिहायची वेळ आली की मला आत्या आठवायची आणि समोरच्या फायलीचा उगीच राग यायचा.

आत्या आज नव्वदीच्या घरात आहे. सोलापुरात, सात रस्त्यापासून जवळच, ती आणि मी अशा दोघीच राहतो. माझा थोरला भाऊ पुण्यात असतो. दादा इंजिनिअर होता, आता निवृत्त झालाय, पण अजून कुठलीही गोष्ट कागदावर आकृती काढल्याशिवाय त्याला सांगता येत नाही. या हकिकतीत महत्त्वाची माणसं एवढीच. आणि एक देव.

आमचं मूळ गाव अक्कलकोटच्या पुढचं, जिथं लोक वाक्य मराठीत सुरू करतात आणि कानडीत संपवतात. लहानपणी जेवायला बसवताना आत्याचा डावा हात लुगड्याच्या चिंधीनं पाठीशी बांधून ठेवायचे. उजव्या हातानं जेवताना तिचं निम्मं अन्न सांडायचं, मग सांडलं म्हणून मार. देवळात तीर्थ घ्यायला चुकून डावा हात पुढं गेला की पुजारी पळी मागं घ्यायचा. तिची आई, म्हणजे माझी आजी, वाईट बाई नव्हती. अशा पोरीला कोण करून घेणार, ही धास्ती तिच्या मनात होती आणि त्या धास्तीपायी तिचा हात सारखा उठायचा.

अशात एका वर्षी गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला. आत्या तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल.

शहरांत तोवर बोलपट येऊन जुनेही झाले होते. पण हा तंबूवाला खेडोपाडी हिंडणारा, त्याच्याकडची रिळं शहरानं टाकून दिलेली आणि मुकी. बोलायचं काम त्याचा माणूस करायचा. हातात काठी घेऊन तो पडद्याशेजारी उभा राहायचा आणि देव काय म्हणाला, दैत्य काय म्हणाला, ते आधी मराठीत आणि लगेच कानडीत सांगायचा. आत्या म्हणते, दैत्य दोन्ही भाषांत सारखाच ओरडायचा. लोक चपला बाहेर काढून तंबूत शिरले होते, कारण आत देव येणार होता. खेळाआधी पडद्यासमोर नारळ फोडला. पडद्यावर देव आल्याबरोबर लोकांनी फुलं आणि खारका फेकल्या. काहींच्या खारका कापडावर आपटून त्यांच्याच मांडीत परत आल्या, त्या त्यांनी प्रसाद म्हणून खाल्ल्या. दैत्य दबकत देवाच्या मागून आला तेव्हा सगळ्या तंबूनं देवाला ओरडून सावध केलं. देवानं वळून पाहिलं. आपण सांगितलं म्हणूनच त्यानं पाहिलं, याविषयी कुणाच्या मनात शंका राहिली नाही.

ही हकिकत आत्यानं मला इतक्या वेळा सांगितली आहे की त्या तंबूत मीही बसले होते असं मला वाटतं. ओल्या कापडाचा वास मला माहीत आहे, असंही वाटतं. हल्ली थिएटरात लोक मक्याच्या लाह्या चघळत मोबाईल बघत बसतात, ते पाहिलं की मला त्या खारका खाणाऱ्यांचा हेवा वाटतो.

आता तिथं बसायची रीत सांगितली पाहिजे, कारण घोडं तिथंच पेंड खातं. पडदा तंबूच्या टोकाला नव्हता, मधोमध होता. एका अंगाला पुरुष बसायचे, चित्र पाडणारं यंत्रही त्यांच्याच बाजूला. पडद्याच्या दुसऱ्या अंगाला बायका आणि पोरी. पडदा म्हणजे धोतरजोड्या शिवून केलेलं पातळ कापड. त्यावर मधूनमधून पाणी मारायचे, म्हणजे ते ओलं राहून चित्र पलीकडे झिरपायचं आणि बायकांनाही दिसायचं. कापडाचं पाणी खाली ठिबकायचं. देवाच्या पायाखालून ठिबकतंय म्हटल्यावर पुढं बसलेल्या बायकांनी ते ओंजळीत धरलं आणि तीर्थ म्हणून डोळ्यांना लावलं. आत्यानंही धरलं, डाव्या हातानं. तिथं पळी मागं घेणारं कुणी नव्हतं.

पण असं झिरपून आलेलं चित्र उलटं असतं, आरशातल्यासारखं. उजवं ते डावं होतं आणि डावं ते उजवं. पडद्यावर मधूनच अक्षरं यायची, तीही त्या अंगाला उलटी दिसली असणार. एखादीला वाचता येत असतं तर तिनं लगेच ओळखलं असतं. त्या अंगाला वाचता येणारी एकही नव्हती. सरळ असो की उलटं, त्यांना ती सगळी नक्षीच. आपल्याला चित्र मागच्या बाजूनं दाखवताहेत याची एवढी पक्की खूण डोळ्यांपुढून सरकत गेली आणि एकीलाही कळली नाही.

शेवटी महादेव प्रकट झाले. भक्त पायाशी लोळला, महादेवांनी हात वर करून आशीर्वाद दिला. आत्यानं पाहिलं, तो हात डावा होता.

ती बसल्या जागी उभी राहिली आणि आईला म्हणाली, "अव्वा, देवबी डावराच हाय की."

शेजारच्या बायकांनी पाहिलं. होता खरा डावा. हात जोडून बसलेल्या त्या सगळ्या बायका एका डावऱ्या पोरीकडे आणि मग पुन्हा देवाकडे बघू लागल्या. त्या जत्रेनंतर घरात तो हात कुणी बांधला नाही. महादेवच डावरा म्हटल्यावर पोरीला कुठल्या तोंडानं मारायचं?

घराबाहेर मात्र हा साक्षीदार कामाला आला नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी आत्याचं लग्न झालं. पहिल्याच आठवड्यात सासूनं तिला डाव्या हातानं भाकरी थापताना पाहिलं आणि परात पुढ्यातून ओढून घेतली. आत्यानं महादेवांचं सांगून पाहिलं. सासूनं तो सिनेमा पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तरी ऐकलं नसतं. काही महिन्यांनी सणाचं निमित्त करून तिला माहेरी पाठवली आणि मग न्यायला कुणी आलं नाही. आत्याचं नवऱ्याचं घर या हातापायी गेलं. ती स्वतः हे एका वाक्यात सांगते आणि पुढं महादेवांवर येते. "माणसं न्हाय म्हणली, देव तर न्हाय म्हणला न्हाय," एवढं बोलून तिच्यापुरता तो विषय संपतो. मला मात्र त्या न पाहिलेल्या सासूचा आजही संताप येतो.

माझे वडील तेव्हा सोलापुरात गिरणीत लागले होते. ते बहिणीला घेऊन आले. इथं तिनं कडक भाकरी करून विकायला सुरुवात केली. ज्वारीची कागदासारखी पातळ भाकरी, तव्यावरून उतरल्यावर वाळवून कुरकुरीत करायची. दुसऱ्या बायका उजव्या हातानं थापतात, तिची भाकरी परातीत उलट्या अंगानं फिरायची. सोलापूरनं ती वर्षानुवर्षं चवीनं खाल्ली. कुठल्या हातानं थापली, असं विकत घेणारा कधी विचारत नाही. माझं आणि दादाचं शिक्षण त्या हातावर झालं. मी पहिलीत गेले तेव्हा माझ्याच पुस्तकावर तीही वाचायला शिकली. अक्षराखालून बोट सरकवत, एकेक सुटं करत ती वाचते. अजूनही तसंच.

दादा इंजिनिअरिंगला गेला आणि पहिल्याच सुट्टीत त्यानं या गोष्टीचा उलगडा केला. आत्या गच्चीवर भाकऱ्या वाळत घालत होती. खाली दादा वहीचा कागद फाडून यंत्र, पडदा, इकडे पुरुष, तिकडे बायका असं काढून वडिलांना दाखवू लागला की महादेवांचा हात उजवाच होता, आत्यानं तो मागून पाहिला. एवढं मोठं कोडं सुटलं म्हणून तो हरखला होता आणि ते आत्याला सांगायला जिना चढणार होता. वडिलांनी कागद त्याच्या हातातून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

ते म्हणाले, "त्या हाताच्या बाजूनं बोलणारा एकच साक्षीदार आहे. त्याला फितवू नकोस."

तेव्हापासून घरात सगळ्यांना माहीत होतं, आत्याला सोडून. वडील गेले, आई गेली, तरी दादानं हे तोंडातून काढलं नाही. दादासारख्या माणसाला एखादी गोष्ट ठाऊक असून गप्प बसणं किती जड जातं, हे मला माहीत आहे. त्याबद्दल मी त्याला मनातल्या मनात बरेच गुण दिलेत, एरवी कितीही भांडत असले तरी.

आणि मग गेल्या हिवाळ्यात, काही गरज नसताना, सिनेमा आमच्या दाराशी आला. इथल्या एका कॉलेजातल्या मुलांना जुन्या मुक्या चित्रपटांचं वेड लागलं होतं. एक पौराणिक तुकडा त्यांनी कुठूनसा मिळवला होता. तो रविवारी सकाळी सभागृहात दाखवायचा, सोबत पेटी वाजवायची, काठी घेऊन सांगणारा उभा करायचा, असा बेत. असे खेळ प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी म्हातारं माणूस मिळतं का, म्हणून ती पोरं शोधत होती. भाकरीवाल्या आत्याचं कुणीतरी सांगितलं. मुलं घरी आली, आत्यानं त्यांना तासभर तंबू सांगितला, आणि ती जायला निघाली तोवर हिचं यायचं ठरलंसुद्धा.

मी मोडता घालायचा प्रयत्न केला. पायऱ्या फार आहेत म्हटलं, गर्दी होईल म्हटलं, थंडीचं निमित्त सांगितलं. "तुला यायाचं नसंल तर ऱ्हा घरी," म्हणाली. मी पुण्याला फोन केला. दादा म्हणाला की महादेव हात वर करतील ते कुणाला थांबवता येणार नाही, पण मी येतो. शनिवारी संध्याकाळी तो बॅग घेऊन हजर झाला. आत्याला वाटलं, हौसेनं आलाय.

सभागृहाच्या दाराशी आत्यानं चपला काढल्या. मुलं नको नको म्हणत होती. मग त्यांच्यातल्या दोघातिघांनीही बूट काढले आणि मला ती मुलं आवडू लागली. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. सुरुवातीला एक मुलगा माईकवर आला. चुणचुणीत, बोलायला गोड. त्यानं जुन्या प्रेक्षकांच्या गमती सांगायला घेतल्या आणि मला वाटलंच, आता हा तिथं येणार. आलाच. पूर्वी म्हणे बायकांना पडद्यामागे बसवत, त्यामुळे बिचाऱ्यांना सगळंच उलटं दिसायचं, उजव्या हाताचा डावा आणि तलवारी सगळ्या डाव्या हातात. सभागृहात हशा पिकला. त्या मुलाचं काही चुकलं नाही. त्याला कुठून ठाऊक असणार? आत्याला कानानं जरा कमी ऐकू येतं, त्या कमीवर मी त्या क्षणी सगळी भिस्त ठेवली. ती पुढं बघत बसली होती, तोंडावर काही दिसत नव्हतं.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर मराठी अक्षरं आली आणि आत्या बोट हवेत सरकवत ती मोठ्यानं वाचू लागली. तिला फार आनंद झाला होता. तेव्हा न वाचलेलं ती आता वाचत होती. काठीवाल्या मुलानं ते पाहिलं आणि तो गप्प राहून तिला वाचू देऊ लागला. पुढं दैत्य आला तसा तिनं भक्ताला इशारा दिला, "आरं, सर तिकडं." मागं कुणीतरी हसलं, मग आणखी कुणीतरी तिच्यासारखाच इशारा दिला, आणि बघता बघता ते मोबाईलवालं सभागृह दैत्याला शिव्या घालू लागलं. हा तोच सिनेमा होता की दुसरा, मला सांगता येणार नाही. आत्याला शंका नव्हती. पुढं काय होणार ते ती आधीच सांगत होती आणि तसंच होत होतं.

मग महादेव आले. आत्यानं हात जोडले. दादानं माझं मनगट धरलं, लहानपणी विजा कडाडल्या की धरायचा तसं. भक्त पायाशी पडला आणि महादेवांनी उजवा हात वर केला.

जोडलेले हात आत्यानं मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं, आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे. दिवे लागले, मुलांनी शाल आणली, नारळ आणला. नारळ घ्यायला तिनं उजवा हात पुढं केला. दादानं खालून आधार दिला म्हणून नारळ पडला नाही.

घरी आल्यावर आत्या खाटेवर बसली आणि विचारलं, "ते पोरगं म्हणलं ते खरं हाय का?"

म्हणजे तिनं ऐकलं होतं. मी दादाकडे पाहिलं. पन्नासेक वर्षं ज्याच्या जिभेच्या टोकावर ही गोष्ट होती, तो माझा सत्यवचनी भाऊ म्हणाला की हा सिनेमा वेगळाच होता, पुष्कळ जण असे सिनेमे काढायचे, तुझ्या त्या सिनेमातले महादेव डावरेच असणार. बोलताना त्यानं एकही आकृती काढली नाही. मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

आत्यानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून भाकरीची एक रिकामी पिशवी ओढली. पारदर्शक प्लास्टिकची, तिच्यावर लाल अक्षरांत 'कडक भाकरी' छापलेलं. तिनं ती खिडकीसमोर धरली, वाचली. मग तीच पिशवी फिरवून पाठीमागून धरली. अक्षरं उलटी झाली. त्या उलट्या अक्षरांवरून तिनं बोट सरकवलं, आणि पिशवी खाली ठेवली.

"ही खूण रोज हातात हुती की माझ्या," ती म्हणाली. "साकु." साकु म्हणजे पुरे. दादानं पुन्हा तोंड उघडलं होतं, ते त्यानं मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ती भाकरी थापत होती. धंदा तिनं केव्हाच हाताखालच्या बायकांवर सोपवलाय, पण आम्हा दोघींच्या भाकऱ्या अजून तीच करते. आवाज वेगळा येत होता म्हणून मी वाकून पाहिलं. उजव्या हातानं थापत होती. डावा हात परातीच्या कडेला नुसता पडून होता. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली. तिनं ती मोडली, पुन्हा पीठ मळलं, पुन्हा उजव्यानंच थापली. मी म्हटलं, हे काय चालवलंयस या वयात, कुणासाठी? तिनं पिठाचा आणखी एक गोळा घेतला. मी बाहेर येऊन दादावर ओरडले, कारण तिच्यावर ओरडवत नव्हतं.

दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. तिनं डावा हात पदराखाली घेतला आणि उजव्यानं घास करू लागली. आमटी हनुवटीवरून ओघळत होती, भाताची शितं मांडीवर पडत होती. नव्वदीची बाई, आणि एखाद्या शिक्षा झालेल्या पोरीसारखी मान खाली घालून जेवत होती. ती चिंधी आता तिची तीच बांधून बसली होती.

"देव गड्यांकडं त्वांड करून हुता," ती ताटाकडे बघत म्हणाली. "आमच्याकडं त्याची पाट हुती. मला कळलं न्हाय, एवढंच."

इतक्या वर्षांत तिनं स्वतःबद्दल असं काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. नवऱ्यानं टाकल्यावरसुद्धा नाही. खरं तर मला रडू यायला हवं होतं, पण माझा स्वभावच मेला उलटा. मला राग आला. तंबूवाल्याचा, पुजाऱ्याचा, त्या सासूचा, महादेवांचा, आणि हे सगळं खरं मानून बसलेल्या तिचाही.

"पाठ दिसली होती का तुला त्याची?" मी विचारलं. आवाज चढला होता.

"काय?"

"तंबूत. महादेवांची पाठ बघितलीस? जटा मागून कशा दिसत होत्या, सांग."

"पाट न्हाय दिसली."

"मग काय दिसलं?"

ती थांबली. भाताचा घास ताटात परत ठेवला. "त्वांड," ती म्हणाली. "डोळं. डोळ्यातली बुबुळं बी. गळ्यातला नाग हालत हुता त्यो." 

"आणि माणसाच्या मागं जाऊन बसलं तर त्याचं तोंड दिसतं कधी?"

तिनं दादाकडे पाहिलं, हिशेबाचं काही असलं की त्याच्याकडेच बघायची तिची जुनी सवय.

"नाही दिसत," दादा म्हणाला. "पाठच दिसते."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. आत्याचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. अक्षरं सुटी करून वाचताना हलतात तसे.

"म्हंजे त्याचं त्वांड दोनी अंगाला हुतं," ती म्हणाली. "गड्यांस्नी यो हात दिला, आमास्नी त्यो. पन बगत हुता समद्यांकडं."

तिनं पदराखालून डावा हात काढला. ताटातली ती जाड-फाटकी भाकरी त्या हातानं उचलली, उलटसुलट करून बघितली आणि माझ्यापुढं टाकली. म्हणाली, ही गाईला घाल, असलं तुमास्नी वाढलं म्हणून मलाच लाज वाटतीया. मग जमिनीला हात टेकून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पिठाचा डबा उघडल्याचं ऐकू आलं, मग परात ओढल्याचं, मग थापायचा आवाज, भरभर आणि एका लयीत. दादानं डोळे पुसले आणि आमटी तिखट झालीय म्हणाला. मी बरं म्हटलं. आम्ही दोघं उष्टे हात वाळवत तिच्या भाकरीची वाट बघत बसलो.